एकतीस वेळा पास झालेलं पाणी

“पाण्याचं मला कुणी शिकवायचं नाही!”

दिनानाथ देशिंगकरांनी हे असं ठणकावलं, की पोहण्याचा पूल साफ करायला येणारा कंपनीचा माणूस हातातल्या क्लोरीनच्या बादलीसकट दोन पावलं मागे सरला. आठवड्यातून दोनदा यायचा बिचारा. जाळीनं पानं काढायचा, पावडर टाकायचा, जायचा. त्याचा गुन्हा एवढाच, की “काका, रोज पाणी तपासत जा” असं तो म्हणाला. काका! आणि वर तपासत जा! पाच मिनिटांत तो फाटकाबाहेर होता, आणि त्याच्या मागोमाग त्याची जाळी!

“चौतीस वर्षं लॅब सांभाळलीय मी!” दिनानाथ रिकाम्या फाटकाला सांगत होते.

ते खोटं नव्हतं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ते लॅबचे प्रमुख होते. फक्त ‘सांभाळली’ म्हणजे काय, ते स्पष्टच सांगितलेलं बरं. एक माणूस प्लांटवरून सॅम्पल आणायचा, दुसरा त्यात थेंब टाकायचा, तिसरा रजिस्टर भरायचा, आणि साहेब सही करायचे. चौतीस वर्षांत साहेबांच्या बोटाला शाई लागली, पाणी कधी लागलं नाही! या देशातले निम्मे पूल, निम्मे रस्ते आणि निम्मी माणसं अशाच सहीवर पास झालेली आहेत. त्याबद्दल बोलायला लागलो तर गोष्ट राहील बाजूला. तेव्हा आधी पूल.

पूल होता उलव्यात, मुलाच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात. वीस फूट बाय दहा फूट, चार फूट खोल. मुलगा स्वानंद आणि सून गीतांजली दीड महिन्याच्या कामासाठी बंगळुरूला गेले होते आणि घर, पूल नि नात ऋता या तीन गोष्टी दिनानाथ-चारुलताबाईंच्या ताब्यात देऊन गेले होते. पूल वापरणारी एकटी ऋताच. पण तिची परीक्षा होती, आणि चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ पाण्यावर सायीसारखी जमायची. म्हणून दिनानाथांनी पहिल्याच दिवशी पुलावर निळी ताडपत्री घातली आणि ती दोरीनं बांधून टाकली. गाठी अशा मारल्या, की वादळात जहाज निसटेल पण ताडपत्री नाही! एकूण चौदा गाठी.

मग गॅलरीत चहाच्या ट्रॉलीवर लॅब उभी राहिली. पाणी तपासायचा डबा आणला. त्यात काचेसारखी पारदर्शक नळी, एक क्लोरीनची बाटली, एक पीएचची. पाण्यात पाच थेंब टाकायचे, रंग येतो, तो शेजारच्या पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा. चौथीतलं पोरही करील! पण दिनानाथांनी त्यासाठी दोनशे पानी रजिस्टर आणलं, रकाने आखले. तारीख, रंग, पीएच, वास, शेरा, सही.

“चारू, रोज सकाळी सातला सॅम्पल टेबलावर पाहिजे. सात म्हणजे सात.”

“मी आणू?” चारुलताबाई म्हणाल्या. “अहो, पूल दहा पावलांवर आहे. जाऊन घ्या की.”

“सॅम्पल लॅबकडे येतं, चारू. लॅब सॅम्पलकडे जात नाही.”

“का? लॅबचे गुडघे दुखतात?”

“शिस्तीचा प्रश्न आहे!”

“बरं,” चारुलताबाई म्हणाल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या जेव्हा जेव्हा ‘बरं’ म्हणाल्या होत्या, तेव्हा तेव्हा पुढे काहीतरी भलतंच झालं होतं. पण नवरे हा हिशेब ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सात वाजता खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली ट्रॉलीवर हजर! त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर ‘पूल’. दिनानाथांनी चष्मा चढवला, थेंब मोजले, रंग जुळवला आणि शेरा मारला. पास!

तिसऱ्या दिवशी पास. चौथ्या दिवशी पास. पाचव्या दिवशी त्यांनी बाटली नाकाशी नेली आणि डोळे विस्फारले. रजिस्टरात नोंद आहे, खोटं वाटत असेल तर बघा. ‘वास : किंचित वेलचीसारखा.’

“चारू! पाणी इतकं शुद्ध झालंय, की सुवास यायला लागलाय!”

“असेल बाई,” चारुलताबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं आत गेल्या.

रंग रोज तोच. पीएच रोज तोच. केसभर हलेना! “याला म्हणतात कंट्रोल!” दिनानाथ मिशीवर बोट फिरवत म्हणायचे. आणि पाणी पासच होतंय म्हटल्यावर औषध कशाला? निरोगी माणसाला कुणी इंजेक्शन देतं का? पावडर बंद! पाणी फिरवायचा पंप कशाला? तोही बंद! ‘रो-हाउस परिवार’ या ग्रुपवर मात्र रोज सव्वासातला बातमी जायची. ‘आजचे पाणी : पास. – दि. देशिंगकर, निवृत्त लॅब प्रमुख.’ इतर लोक न वाचता पुढे सरकायचे. शेजारच्या घरातला इद्रीस तेवढा नेमानं उत्तर द्यायचा, ‘काका सुपर!’

इथपर्यंत सगळं झकास. पण चौथ्या आठवड्यात डास आले.

आले म्हणजे काय, उतरले! विमानतळावर जागा मिळाली नाही म्हणून इकडे वळवल्यासारखे थव्यानं उतरले. दिनानाथांचं टक्कल म्हणजे तर धावपट्टीच. कासवछाप वळ्या झाल्या, लिंबूगवत झालं, शेजारणीनं सांगितलेला कडुनिंबाचा धूर झाला. धुरानं माणसं घराबाहेर पळाली, डास आतच!

घरकामाला येणारी शालन गव्हाणची, खाडीकाठची. ती पायावर चापट्या मारत लादी पुसायची नि म्हणायची, “साहेब, आमचे खारीवर पन येवरे मच्छर नाय! यो मच्छर लांबचा नाय, घरचाच हाय.”

“घरचा नाही,” दिनानाथ भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, “शेजारचा!”

भिंतीपलीकडे इद्रीसचं घर. उरणकडचा कोकणी मुसलमान, मार्केटात पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान. बायको खदीजा हौशी. तिच्या गॅलरीत पंचवीस कुंड्या, आणि खिडकीखिडकीत मनी प्लांटच्या बाटल्या. पाण्यानं भरलेल्या बाटल्या! दिनानाथांच्या शास्त्रीय मेंदूनं पुराव्याची वाट न पाहता निकाल लावला. माणसाचा हा फार जुना आजार आहे, साहेब. आपल्या अंगणातला डास नेहमी शेजारच्याच कुंडीत जन्मलेला असतो!

एरवी त्यांनी हा राग गिळला असता. पण येत्या रविवारी ऋताचा नववा वाढदिवस होता. वर्गात तिनं सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरी पूल आहे. त्यावर वर्गातला अभिराम म्हणाला होता, “थाप! तुझ्या घरी पूल, तर माझ्या घरी विमान!” अख्खा वर्ग हसला होता. पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं वर्गातल्या चौदा जणांना आमंत्रण देऊन टाकलं. रविवार, सकाळी अकरा, पोहायचे कपडे घेऊन या.

“आजोबा, पक्कं ना? नाहीतर मी थापाडी ठरेन.”

“बाळा, पाणी एकदाही नापास झालेलं नाही!”

“प्रॉमिस?”

“देशिंगकरांचं प्रॉमिस!”

आता चौदा पोरांना डास चावले, तर पालक काय म्हणतील? शुक्रवारी दुपारी दिनानाथांनी मलेरियावाल्यांना फोन लावला आणि शेजारच्या घराची तक्रार नोंदवली. लोक अशा वेळी नाव लपवतात. दिनानाथांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि ‘निवृत्त लॅब प्रमुख’ हेही लिहून घ्यायला लावलं.

शनिवारी सकाळी सातला सॅम्पल आलं. एकतिसावं. पास! दहा वाजता बेल वाजली. दारात इद्रीस, घामाघूम.

“काका, जरा चला ना! मलेरियावाल्या मॅडम आल्यात. कुणीतरी आमची तक्रार केली.”

“क... कुणी?”

“नाव नाही सांगत त्या. असेल कुणी रिकामटेकडा. तुम्ही पाण्यातले जाणकार, नुसते बाजूला उभे राहा. खदीजा रडायला लागलीय.”

काय करतील दिनानाथ? गेले! ज्याची तक्रार केली त्याच्याच बाजूनं साक्षीदार म्हणून उभे राहिले!

मलेरियाच्या विजयमालाबाई म्हणजे कामाला वाघीण. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. पंचवीस कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. कोरड्या! मनी प्लांटच्या बाटल्या उजेडात धरल्या. स्वच्छ! खदीजा दर दोन दिवसांनी पाणी बदलायची. टाकी पाहिली, झाकण घट्ट.

“घर एकदम नीट आहे हो तुमचं,” विजयमालाबाई म्हणाल्या. मग भिंतीवरून पलीकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, “ते निळं काय झाकलंय?”

“तो आमचा पूल!” दिनानाथांची छाती फुगली. “त्याची काळजीच नको. थांबा, रजिस्टर आणतो.”

“रजिस्टर नको काका. पाणी दाखवा.”

“अहो, एकतीस दिवसांचं रेकॉर्ड आहे!”

“डास रेकॉर्डवर अंडी घालत नाहीत. पाणी दाखवा.”

गाठी सोडायला दिनानाथ बसले. पहिली गाठ सुटेना. दुसरी सुटेना. नखं तुटली, दात लावून पाहिले, दात हलला. शेवटी शालननं स्वयंपाकघरातून विळी आणली आणि चौदाच्या चौदा गाठी कापून मोकळी झाली. इद्रीसनं ताडपत्रीचं टोक धरलं आणि ओढलं.

आई गं!

पूल नव्हता तो! महिनाभराचा पालकाचा गरगट्टा होता! मधोमध ऋताचं फुगवायचं बदक तरंगत होतं आणि त्या बदकावर एक बेडूक खुर्ची सांभाळून बसला होता, हुबेहूब साहेबासारखा. कडेनं पाणकिडे शर्यती लावत होते. आणि ताडपत्री उचलताच डासांचा असा ढग उठला, की इद्रीसनं नमाजाला बसावं तसे गुडघे टेकले आणि चारुलताबाईंनी पदरात तोंड खुपसलं.

“साहेब,” शालन म्हणाली, “यो तर पास झाला ना रोज?”

विजयमालाबाईंनी डाव बुडवून वर काढला. पांढऱ्या डावात अळ्या अशा वळवळत होत्या, जशी शाळेत कवायत चाललीय!

“अशक्य!” दिनानाथ नळी घेऊन धावले. डावातलं पाणी घेतलं, पाच थेंब टाकले. रंगच येईना! क्लोरीनचा पत्ता नाही. “किट खराब झालंय! आज सकाळी सातपर्यंत हे पाणी उत्तम होतं! तीन तासांत हे झालंय!”

“तीन तासांत बेडूक पण मोठा झाला?” विजयमालाबाईंनी विचारलं.

बेडकानं डुबकी मारली. त्यालाही बहुधा उत्तर ऐकवलं नसतं.

“हे बघा काका, पूल रिकामा करा, नाहीतर औषध टाका. तेही जमत नसेल, तर माझ्याकडे गप्पी मासे आहेत, विहिरीत सोडायला आणलेत. अळ्या खातात. काहीही करा, मी उद्या सकाळी नऊला परत येणार. अळी दिसली तर नोटीस. नोटीस घराच्या फाटकावर लागते.”

फाटकावर नोटीस! आणि अकरा वाजता त्याच फाटकातून चौदा पोरं येणार! रिकामा करायचा तर बावीस हजार लिटर पाणी, औषध टाकायचं तर महिनाभराच्या रजिस्टरावर बोळा. दिनानाथांनी सर्वांत सोपं ते निवडलं. मोठी माणसं संकटात नेहमी हेच करतात. “मासे सोडा!”

पन्नास गप्पी मासे पाण्यात गेले. विजयमालाबाई गेल्या. दिनानाथांनी हुश्श केलं.

दुपारी ऋता शाळेतून आली, पुलाकडे पळाली आणि किंचाळली. दिनानाथ धडपडत धावले.

“आजोबा! मासे! माझ्यासाठी? वाढदिवसाचं गिफ्ट?”

आता यावर ‘नाही’ म्हणणारा आजोबा अजून जन्माला यायचाय. चार वाजेपर्यंत पन्नासपैकी एकवीस माशांची नावं ठेवून झाली होती. त्यात एक मोरू, एक टिकली, एक हेडबाई आणि बाकीचे वर्गातले सगळे, अभिराम सोडून.

तेवढ्यात चारुलताबाई म्हणाल्या, “ते सगळं ठीक. पण उद्या पोरं पोहणार कशात? या गरगट्ट्यात?”

दिनानाथांच्या डोक्यात तेव्हा कुठे हा प्रकाश पडला! “टाकतो ना क्लोरीन. दुप्पट टाकतो! सकाळपर्यंत पाणी...”

“क्लोरीननं मासे मरतात!” ऋता ओरडली. “हेडबाई मरतील!”

“मग मासे काढू!”

“कसे?”

चहाच्या गाळणीनं सुरुवात झाली. तासाभरात हाती आले तीन पाणकिडे आणि तोच बेडूक. मग शालननं नवऱ्याला फोन केला. रणजीत खाडीवर पाग टाकणारा गडी, खांद्यावर जाळं टाकून मोटारसायकलवरून आला. पुलाकडे पाहिलं आणि बघतच राहिला.

“क्या बगता? टाक की!” शालन म्हणाली.

“बये, खारीत बोईट धरतो मी. यो मासा बोटायेवरा पन नाय. जाल्याच्या डोल्यातून निगून जाल.”

“टाका!” दिनानाथ पुलाच्या अगदी काठावर उभे राहून हुकूम सोडत म्हणाले. “डावीकडे! डावीकडे जास्त आहेत!”

रणजीतनं कंबर वळवली, जाळं हवेत फुललं, छत्रीसारखं गोल, काय देखणं! आणि डावीकडे पडलं. डावीकडे दिनानाथ होते. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांनी त्यांना पायांपासून गुंडाळलं, पाय घसरला, आणि निवृत्त लॅब प्रमुख धबाक्कन आपल्या पास झालेल्या पाण्यात! रणजीतनं सवयीनं दोरी ओढली. जाळं वर आलं. त्यात मासा एकही नाही, दिनानाथ पूर्ण.

“येवरा मोटा मासा पयल्यांदाच गावला,” रणजीत शांतपणे म्हणाला.

ऋता हसली, शालन हसली, चारुलताबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. दिनानाथांच्या एका कानातून शेवाळ लोंबत होतं. दुसऱ्या कानात हसू शिरत होतं. पण एकदम ऋताचं हसू विझलं. ती म्हणाली, “आजोबा, उद्या नाही होणार ना? मी सगळ्यांना फोन करून सांगू, की पूल नाहीये?”

बास. हे बोलणं अळीसारखं काळजात वळवळलं. दिनानाथ उठले. ओल्या लेंग्यानिशी, शेवाळानिशी, थेट इद्रीसच्या दारात!

“इद्रीस, तुझ्याकडे पाणी उपसायचा पंप आहे ना रे?”

“काका, दुकानात सात आहेत. तुमच्या कानात काय आहे?”

दोन मिनिटांत इद्रीसनं शटर उघडलं, दहाव्या मिनिटाला पंप पुलाच्या काठावर. पण ऋता पुढे आडवी! “पंपात मासे जातील!” पुन्हा पेच. तेव्हा चारुलताबाई आत गेल्या आणि डासांसाठी गेल्या आठवड्यात आणलेली नवीकोरी मच्छरदाणी घेऊन आल्या. अर्धी कापून पंपाच्या तोंडाला बांधली. बाकीची अर्धी हातात. गंमत बघा! डासांसाठी पूल झाला, डासांसाठी मासे आले, आणि डासांसाठी आणलेली मच्छरदाणी शेवटी माशांवर पडली!

पंप घरघरला. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पाणी निघालं. दिवेलागणीपर्यंत पाणी घोट्याएवढं उरलं. मग मच्छरदाणीची चार टोकं धरून इद्रीस, रणजीत, शालन आणि दिनानाथ पुलात उतरले आणि लग्नात आंतरपाट धरावा तसे हळूहळू पुढे सरकले. काठावर खदीजा तिची ईदची बिर्याणीची देग स्वच्छ पाण्यानं भरून उभी. मासे देगीत, ऋता मोजायला.

“सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास. एक कमी आहे! मोरू नाहीये!”

शोधाशोध! डबक्यात नाही, जाळीत नाही, बादलीत नाही. पोरीचे डोळे भरायला लागले. वाकून बघता बघता दिनानाथ शेवाळावरून पुन्हा घसरले, फतकल मारून बसले, आणि झटकन उभे राहिले.

“अरे! खिशात काहीतरी नाचतंय!”

“मोरू!” ऋता ओरडली. पन्नास!

त्यानंतर फरशी घासली. सगळ्यांनी घासली. आणि दिनानाथांनीही घासली, स्वतःच्या हातानं, ब्रश घेऊन, लेंगा दुमडून. रात्री झोपायच्या आधी त्यांनी आणखी एक काम केलं, जे पुलात पडण्यापेक्षा अवघड होतं. पूल साफ करणाऱ्या त्या माणसाला फोन लावला. “अं... मी बोलतोय. हां, तोच. उद्या सकाळी याल का जरा? जाळी... ती आम्हीच टाकली होती. हो. चूक झाली.”

रविवारी पहाटे इद्रीसच्या ओळखीनं पाण्याचे टँकर आले. पूल कमरेएवढा भरला, पोरांना तेवढा पुष्कळ. पंप सुरू झाला, तो माणूस आला, बेतानं औषध टाकलं, पाणी दोन तास फिरवलं. नऊच्या ठोक्याला विजयमालाबाई हजर! डाव बुडवला. वर काढला. पाणी असं, की डावाचा तळ हसताना दिसावा.

“शाब्बास! एका रात्रीत?” त्या म्हणाल्या. मग वही उघडून, नाव गुप्त ठेवायचं विसरून, त्यांनी सगळ्यांसमोर, इद्रीससमोर, खदीजासमोर, खणखणीत आवाजात विचारलं, “बरं देशिंगकर काका, तुम्ही शेजारच्यांची जी तक्रार केली होती, ती आता मागे घेताय ना? तसा शेरा लिहिते.”

देगीतले मासेही थबकले.

“काका?” इद्रीस म्हणाला. “तुम्ही?”

दिनानाथांना वाटलं, पूल पुन्हा हिरवा व्हावा आणि आपण त्याच्या तळाशी बदकाखाली जाऊन बसावं! “इद्रीस, अरे ते... मला वाटलं कुंड्या... आमचं पाणी तर रोज पास होत होतं रे! हे बघ रजिस्टर! एकतीस दिवस! मग दोष कुणाचा वाटणार?”

“सॅम्पल कुठून घेत होतात?” पूलवाल्या माणसानं विचारलं.

“कुठून म्हणजे? पुलातून! चारू आणायची. चारू, सांग यांना!”

चारुलताबाईंनी खदीजाकडे पाहिलं. खदीजानं देगीकडे पाहिलं.

“मी पहिल्या दिवशी गेले होते हो पुलाशी,” चारुलताबाई म्हणाल्या. “तुमच्या चौदा गाठी! सोडता येईनात. आणि सातच्या आधी मी असते खदीजाकडे चहाला, आमचं चालणं झालं की. मग तिथल्याच नळाची बाटली भरून आणायचे. पूल तरी कशानं भरला होता? नळाच्याच पाण्यानं ना? मग पाणी ते पाणी!”

“रोज?”

“सात म्हणजे सात, तुम्हीच म्हणालात.”

“काकीला माझा वेलचीचा चहा लागतो ना,” खदीजा हळूच म्हणाली. “कधी कधी बाटली चहाच्या पातेल्याशेजारीच राहायची.”

दिनानाथांनी रजिस्टर उघडलं. ‘वास : किंचित वेलचीसारखा.’ खाली त्यांचीच सही. लफ्फेदार!

“म्हणजे काका,” इद्रीस एकेक शब्द तोलत म्हणाला, “आमच्या घराचं पाणी तुम्ही एकतीस वेळा पास केलंत... आणि मग आमचीच तक्रार केलीत?”

दिनानाथांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. चौतीस वर्षांत अशा प्रश्नाला रकाना आखलेला नव्हता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा रजिस्टर न बघता बोलले, “चुकलो रे बाबा. खदीजा, तुला रडवलं. माफ कर पोरी.”

इद्रीसचे खांदे हलायला लागले. खदीजा घाबरली, नवऱ्याला रडू आलं की काय! आणि मग तो असा फुटला, की भिंतीवरचा कावळा उडाला. “काका, सर्टिफिकेट द्या! लेटरहेडवर! दुकानात फ्रेम करून लावतो! ‘पाणी एकतीस वेळा पास, वास वेलचीचा’!”

विजयमालाबाई डाव टेकून हसल्या. पूलवाला हसला. दिनानाथही हसले, आधी चोरून, मग पोट धरून.

हसण्यात, चहात नि फुगे लावण्यात दोन तास गेले. “आजोबा, अकरा वाजले!” ऋता ओरडली. फाटकाशी चौदा पोरं, चौदा टॉवेल. सर्वांत पुढे अभिराम. त्यानं पूल पाहिला आणि त्याचा जबडा खाली आला.

“थांबा! कुणी उडी मारायची नाही!” दिनानाथ गरजले. सगळे काठावरच थांबले. “सॅम्पल घ्यायचंय.”

“कोपरापर्यंत हात घालून घ्या, वरचं पाणी नको,” पूलवाला म्हणाला.

दिनानाथ काठावर गुडघे टेकून बसले, बाही सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाच थेंब. रंग आला. छान पिवळा. त्यांनी नळी उंच धरली. “पा...”

‘स’ ऐकायला कुणी थांबलंच नाही! पंधरा पोरं एकदम पाण्यात, आणि ते पाणी दिनानाथांच्या अंगावर!

संध्याकाळी देगीतले मासे विजयमालाबाईंकडे गेले. ऋतानं त्यांच्याकडून सहीची पावती घेतली, ‘पन्नास मिळाले, मोरूसह’. रिकामी देग तीनदा घासून खदीजानं त्यात बिर्याणी केली. अभिरामनं तीन वेळा घेतली आणि जाताना कबूल केलं, की त्याच्या घरी विमान नाही.

सोमवारी सातच्या आधीच दिनानाथ बाटली घेऊन स्वतः पुलाशी गेले. चारुलताबाई नेहमीप्रमाणे शेजारी चहाला. भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं. थोडा वेळ त्यांनी बाटलीकडे पाहिलं, थोडा वेळ भिंतीकडे. मग ट्रॉलीवर येऊन नोंद केली.

रंग : पिवळा. पीएच : ठीक. वास : वेलचीचा नाही. शेरा : पास, पण मजा नाही.

आणि रजिस्टर मिटून, बाटली तिथेच सोडून, ते शेजारी चहाला गेले.